ओटीत नवीन आलात? पेंटिंग कसं करायचं आणि कुठे थांबायचं

ऑपरेशन थिएटरमधला, म्हणजे ओटीतला, माझा दुसराच दिवस होता. मोठ्या सिस्टरनी स्पंज होल्डर हातात दिला आणि म्हणाल्या, "चल, पेंट कर." पेंट करणं म्हणजे चीर पडण्याआधी कातडीला जंतुनाशक लावणं. हर्नियाची केस होती. दिवाळीच्या आधी घराला रंग काढावा तसं मी ते पोट रंगवून टाकलं. बीटाडीन भरपूर, हात सढळ. सरांनी विचारलं, "झालं?" मी म्हटलं, "झालं, सर." ड्रेप (निर्जंतुक चादरी) पडले, ऑपरेशनही छान झालं. दुसऱ्या दिवशी वॉर्डातून निरोप आला, पेशंटच्या कमरेखाली तळहाताएवढी कातडी लाल होऊन फोड आलेत. बीटाडीन ओघळून पाठीखाली साचलं होतं आणि तो माणूस दीड तास त्या ओल्यात पडून होता. मला कोणी रागावलं नाही. हे कशामुळे झालं, ते तिथं कोणाला नीट सांगताच येत नव्हतं.

जीएनएमच्या (नर्सिंग डिप्लोमाच्या) परीक्षेत आम्ही 'मध्यापासून बाहेर' एवढं लिहून पाच मार्क मिळवले होते. बाकीचं सगळं टेबलाशेजारी उभं राहून, चुका करत शिकले. तुम्हाला तेवढी वर्षं लागू नयेत म्हणून हे लिहिते आहे. नवीन सिस्टर आणि ब्रदर, ओटी टेक्निशियन, पहिल्यांदा असिस्ट करणारे इंटर्न, सगळ्यांसाठी. तुमच्या हॉस्पिटलचा लेखी प्रोटोकॉल असेल तर तो आधी वाचा. इथलं काही त्याच्याशी जुळलं नाही तर तिथलं चालेल.

सुरुवातीलाच एक सांगून ठेवते. औषध लावल्यानं जंतू मरत नाहीत, औषधाला वेळ दिल्यानं मरतात. ओटीत पेंटिंगच्या ज्या चुका मी पाहिल्या आणि केल्या, त्यातल्या बहुतेक या वेळेच्या चोरीच्या आहेत.

आणखी एक. सुरी, कात्री, कपडा ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेनं निर्जंतुक करायच्या यंत्रात) जातो. कातडी जात नाही. ती कधीच पूर्ण निर्जंतुक होत नाही. वरवरचे जंतू आपण मारतो, पण केसांच्या मुळाशी आणि तेलग्रंथींत स्टॅफिलोकोकस मंडळी बसलेली असतातच. १८६७ साली ब्रिटिश सर्जन लिस्टरनं कार्बोलिक ॲसिडची पद्धत जगापुढे मांडली तेव्हापासून आपण एवढंच करतो आहोत: चीर पडते त्या घटकेला जंतूंची संख्या इतकी खाली आणायची की उरलेल्यांना पेशंटचं शरीर पुरून उरेल.

१. आदल्या दिवशी: अंघोळ आणि चार नीट प्रश्न

पेंटिंगची सुरुवात वॉर्डात होते. आदल्या रात्री किंवा ऑपरेशनच्या सकाळी पेशंटची साबण लावून पूर्ण अंघोळ झाली पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे साधा साबणही चालतो. गुडघा किंवा खुबा बदलण्यासारख्या इम्प्लांटच्या केसमध्ये काही सर्जन ४% क्लोरहेक्सिडीनचा साबण देतात. तो डोळ्यांत आणि कानांत जाऊ द्यायचा नाही, हे पेशंटला बजावून सांगा.

"अंघोळ झाली का?" असं विचारू नका. सगळे "हो" म्हणतात. विचारा, "आजी, अंघोळीनंतर अंगाला काय लावलंत?" मग खरं बाहेर येतं. खोबरेल, पावडर, बाम, कुणी बेंबीत तेल सोडलेलं. हाड मोडलेला पेशंट गावाकडून आला असेल तर पायावर हळदीचा किंवा झाडपाल्याचा लेप असतो, वाळून खपली धरलेला. तेलाच्या थरावरून औषध कातडीपर्यंत पोचत नाही. तेव्हा पुन्हा साबण, पुन्हा पाणी, आणि कातडी पूर्ण कोरडी.

करदोटा, ताईत, काळा दोरा, जोडवी, मंगळसूत्र यांवरून वॉर्डात नेहमी वाद होतात. करदोट्याला तर हात लावू देत नाहीत. ओढाताण करू नका. "काका, हा मी कापून तुमच्या मुलाच्या हातात देते, घरी गेल्यावर नवा बांधा," असं म्हटलं की बहुतेक जण ऐकतात. हर्नियाच्या किंवा पोटाच्या केसमध्ये करदोटा ठेवून पेंट करणं म्हणजे वर्षभराचा मळ चिरेशेजारी बांधून ठेवणं.

कपडे बदलताना ऑपरेशनची जागा डोळ्यांनी पाहा. पुळी, नायटा, खरूज, ओरखडा, काहीही दिसलं तरी सर्जनला आधीच कळवा. ठरवून करायचं ऑपरेशन त्यासाठी पुढे ढकललं जाऊ शकतं. टेबलावर घेतल्यावर कळलं तर सगळ्यांचीच पंचाईत होते.

आता ॲलर्जी. "मला कोळंबी खाल्ली की पित्त उठतं, म्हणून आयोडीन चालत नाही," असं कोकणातले पेशंट हमखास सांगतात, आणि आपले लोकही ते केसपेपरवर लाल पेननं लिहितात. मासळीची ॲलर्जी तिच्यातल्या प्रथिनांमुळे येते, आयोडीनशी तिचा संबंध नाही. विचारायचं ते असं: "पूर्वी बीटाडीन लावल्यावर काही झालं होतं का? तोंड धुवायच्या औषधानं, ड्रेसिंगनं कधी अंगावर उठलं, धाप लागली?" क्लोरहेक्सिडीनची ॲलर्जी क्वचित असते, पण असली तर जिवावर बेतू शकते. तसं काही निघालं तर भूलतज्ज्ञांना तोंडी सांगा. नुसतं कागदावर लिहून मोकळं होऊ नका.

२. केस: वस्तऱ्याला हात लावू नका

आमच्याकडे पूर्वी रात्री नऊनंतर वॉर्डातले मामा वस्तरा घेऊन फिरायचे. 'पार्ट प्रिपरेशन' म्हणजे छातीपासून मांडीपर्यंत सफाचट, असा हिशेब होता. चकचकीत कातडी पाहून आम्हालाही बरं वाटायचं. पण वस्तऱ्यानं कातडीवर बारीक बारीक काप पडतात आणि रात्रभरात त्यांत जंतू वाढतात. हे काही आज कळलेलं नाही. १९७१ सालच्या एका प्रसिद्ध अभ्यासात वस्तरा फिरवलेल्यांत ५.६% जखमा चिघळल्या होत्या. केस तसेच ठेवलेल्यांत किंवा केस काढायचं क्रीम वापरलेल्यांत हे प्रमाण ०.६% होतं. एवढं माहीत असूनही वस्तरा अजून गेला नाही, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

तेव्हा नियम असा. केस आड येत नसतील तर काढूच नका. येत असतील तर क्लिपरनं (केस कापायच्या मशीननं), ऑपरेशनच्याच दिवशी, आणि शक्यतो ओटीच्या बाहेर. क्लिपरचं पातं प्रत्येक पेशंटला वेगळं. ओटीतच काढावे लागले तर गळलेले केस चिकटपट्टीनं टिपून घ्या. ते पुढे ड्रेपवर आणि जखमेत सापडतात.

एक सापळा मात्र घरचा आहे. पेशंट स्वतःच "स्वच्छ होऊन" येतो, विशेषतः सिझेरियन आणि हर्नियाचे. ॲडमिशनची तारीख देतानाच सांगा: घरी दाढीचं ब्लेड लावू नका.

३. बाटली वाचायला शिका

माझ्या मते नवीन माणसानं पहिल्या आठवड्यात दुसरं काही केलं नाही तरी चालेल. कपाटातल्या सगळ्या बाटल्यांची लेबलं वाचावीत. कारण ओटीत सगळं 'बीटाडीन' नाहीतर 'स्पिरिट' असतं आणि त्या दोन नावांखाली पाच-सहा वेगळी औषधं दडलेली असतात.

*पोव्हिडोन आयोडीन.* यालाच आपण बीटाडीन म्हणतो. सोल्यूशन ५% किंवा १०% चं मिळतं. १०% च्या द्रावणात कामाचं मोकळं होऊ शकणारं आयोडीन साधारण १% असतं. ७.५% ची बाटली म्हणजे स्क्रब. त्यात फेस येणारा साबण असतो आणि तो धुऊन काढायचा असतो. दोन्ही बाटल्या तपकिरी, दोन्हींवर तेच नाव, म्हणून अदलाबदल होते. स्क्रब डोळ्यात, जखमेत किंवा नाजूक आतल्या त्वचेवर कधीच नाही. पोव्हिडोन आयोडीनला काम करायला किमान दोन-तीन मिनिटं लागतात, आणि रक्त-पू मिसळला की त्याचा जोर ओसरतो.

*क्लोरहेक्सिडीन आणि आल्कोहोल.* २% क्लोरहेक्सिडीन, ७०% आयसोप्रोपिल आल्कोहोलमध्ये. आल्कोहोल झटकन मारतं आणि उडून जातं, क्लोरहेक्सिडीन कातडीला चिकटून तासन्‌तास काम करत राहतं. डोळा, मधला कान, मेंदू आणि मज्जारज्जूची आवरणं यांच्या जवळ ते जाऊ द्यायचं नाही. उघड्या जखमेवर आणि आतल्या ओल्या त्वचेवर आल्कोहोलवालं काहीच नाही. बिनरंगी बाटली असेल तर कुठे लागलं आणि कुठे राहिलं ते कळत नाही. रंग घातलेली मिळत असेल तर तीच मागवा.

*सॅव्हलॉन.* यात क्लोरहेक्सिडीनबरोबर सेट्रिमाइड असतं. मळलेली जागा आधी धुवायला ठीक. शेवटचा हात म्हणून नाही.

*स्टेरिलियम.* ते आपल्या हातांसाठी. पेशंटच्या पोटावर ओतलेलं मी पाहिलंय, म्हणून लिहिते.

मग यातलं चांगलं कोणतं? यावर ओटीत चहाच्या वेळी भांडणं होतात. २०१० साली अमेरिकेतल्या एका चाचणीत ८४९ पेशंटांत क्लोरहेक्सिडीन-आल्कोहोलच्या गटात ९.५% आणि पोव्हिडोन आयोडीनच्या गटात १६.१% जणांना इन्फेक्शन झालं. तेव्हापासून क्लोरहेक्सिडीनचं पारडं जड झालं आणि जागतिक आरोग्य संघटनाही आल्कोहोलमधल्या क्लोरहेक्सिडीनचीच शिफारस करते. पण त्या चाचणीतलं आयोडीन पाण्यातलं होतं. स्वित्झर्लंडमधल्या हॉस्पिटलांनी दोन्ही औषधं आल्कोहोलमध्ये घेऊन तुलना केली, तर २०२४ मध्ये छापून आलेला निकाल जवळपास सारखाच लागला. त्याच वर्षी अमेरिका-कॅनडातल्या फ्रॅक्चरच्या एका मोठ्या चाचणीत, हाड बाहेर न आलेल्या पेशंटांमध्ये आल्कोहोलमधलं आयोडीनच किंचित सरस ठरलं. म्हणजे निम्मी करामत आल्कोहोलची. तुम्ही नवीन आहात तर या भांडणात पडू नका. जिथं आल्कोहोल चालतं तिथं आल्कोहोलवालं, जिथं चालत नाही तिथं पाण्यातलं बीटाडीन, आणि शेवटचा शब्द सर्जनचा.

आता बाटलीबद्दलचा सर्वांत मोठा सापळा. पाच लिटरच्या कॅनमधून छोटी बाटली भरायची, संपत आली की त्यातच वरून ओतायचं. "अहो, जंतुनाशकात जंतू कसे होतील?" होतात. स्युडोमोनास आणि बर्कहोल्डेरिया सेपेशियासारखे जंतू जंतुनाशकाच्या बाटलीत सुखानं जगतात आणि त्यातून साथी पसरल्या आहेत. याच कारणानं अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१३ साली ऑपरेशनपूर्वीची जंतुनाशकं एकाच पेशंटपुरत्या पॅकमध्ये विकावीत असं कंपन्यांना सुचवलं. आपल्याकडे ते सगळीकडे परवडत नाही, ठीक आहे. पण लहान बाटली मागवा, उघडल्याची तारीख चिकटपट्टीवर लिहा, आणि वरून ओतणं बंद करा.

४. ट्रॉलीवर काय काढायचं

- स्पंज होल्डिंग फोर्सेप दोन (एक हातातून पडला तर दुसरा)
- गॉजचे मोठे तुकडे, निदान सहा-आठ, गोळा करून घेण्याइतके
- औषधासाठी स्टीलचा बाउल. आल्कोहोल आणि पाण्यातलं असं दोन्ही लागणार असेल तर दोन
- बेंबीसाठी कापसाच्या काड्या
- दोन्ही कुशींना घालायला टॉवेल किंवा शोषून घेणारी शीट
- स्टराइल हातमोजे, जादाची एक जोडी
- बाउलवर नाव लिहायला लेबल आणि मार्कर
- सेकंदकाटा दिसेल असं घड्याळ

लेबल ही चैन नाही. २०१० साली सिडनीत एका बाळंतिणीच्या एपिड्युरलमध्ये (कळा कमी करायला पाठीत देतात त्या इंजेक्शनमध्ये) सलाइनऐवजी क्लोरहेक्सिडीन टोचलं गेलं, कारण दोन्ही उघड्या भांड्यांत शेजारी होती आणि त्यांची अदलाबदल झाली. तिच्या मज्जासंस्थेचं कायमचं नुकसान झालं. स्पायनलच्या (पाठीत द्यायच्या भुलेच्या) ट्रेमध्ये पेंटिंगचा बाउल ठेवायचा नाही. पाठ पेंट झाली की तो बाउल उचलून बाजूला न्यायचा, औषध वाळू द्यायचं, मगच सुई.

५. टेबलावर घेतल्यावर, पेंटच्या आधी

केसपेपर, कन्सेंट आणि सर्जननं केलेली खूण, तिन्ही जुळतात का पाहा. खूण पक्क्या मार्करची हवी, नाहीतर घासताना पुसली जाते आणि मग "डावा की उजवा" हे विचारायची वेळ येते.

अँटिबायोटिक गेलं का ते भूलतज्ज्ञांना विचारा. ते साधारणपणे चिरेच्या आधीच्या तासाभरात जायला हवं.

बेंबी आधी साफ करा. काडी बीटाडीनमध्ये बुडवून मळ काढा, दोन-तीन काड्या लागतात, कधी सहा. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पहिलं भोक बेंबीतच पडतं, तिथला खडा तसाच ठेवून वरून रंग देण्यात अर्थ नाही. कातडी डोळ्यांना मळकट दिसत असेल तर आधी स्क्रबनं धुवा, पुसा, कोरडी करा.

मग दोन्ही कुशींना टॉवेल खुपसा. कॉटरीची (विजेनं रक्त थांबवायच्या यंत्राची) प्लेट, ईसीजीचे पॅच, टुर्निकेटची (हातापायातलं रक्त रोखायच्या पट्ट्याची) कड यांखाली औषध जाणार नाही असं बघा. टुर्निकेटखाली ओलं राहिलं तर दाबामुळे रासायनिक भाजणं हमखास. त्याची कड प्लॅस्टिकनं झाकून घ्या आणि पेंट झाल्यावर ते प्लॅस्टिक काढा. माझी ती पहिली केस आठवा. तेव्हा दोन टॉवेल घातले असते तर त्या माणसाला आठवडाभर पालथं झोपावं लागलं नसतं.

६. पेंटिंग

हात स्क्रब झालेले, हातमोजे स्टराइल. गॉज फोर्सेपमध्ये असा धरा की धातूचं टोक कातडीला लागणार नाही. फोर्सेपचं तोंड कायम खाली. वर केलंत की औषध दांड्यावरून हाताकडे वाहतं आणि खाली करताना तेच परत पोटावर येतं.

गॉज बुडवा आणि बाउलच्या कडेला दाबून निथळून घ्या. ओला हवा, गळका नको.

बीटाडीन: जिथं चीर पडणार तिथून सुरू, गोल गोल बाहेर. कडेपर्यंत गेलात की तो गॉज टाकायचा, परत मध्याकडे आणायचा नाही. नवा गॉज, पुन्हा मध्यापासून. आमच्याकडे असे तीन हात देतात. दुसरा हात पहिल्याच्या किंचित आत संपवा, म्हणजे कडेचा मळ आत ओढला जात नाही.

क्लोरहेक्सिडीन-आल्कोहोल: इथं नुसतं फिरवून भागत नाही. चिरेच्या जागेवर मागे-पुढे, आडवं-उभं, थोडा जोर देऊन घासायचं. कोरड्या कातडीवर ३० सेकंद, जांघ-काख अशा घामट जागी २ मिनिटं. नंतर बाहेर सरकत जायचं. बीटाडीनची गोल सवय लागलेल्या जुन्या हातांना हे जमत नाही. तुम्ही नवीन आहात, तुम्हाला लवकर जमेल.

किती भाग? सर्जनला चीर वाढवावी लागली, ड्रेन (स्राव बाहेर काढायची नळी) टाकावा लागला तरी पुरेल एवढा. पोट उघडायचं असेल तर स्तनाग्रांपासून मांडीच्या मध्यापर्यंत आणि दोन्ही बाजूंना टेबलापर्यंत. सिझेरियनला छातीच्या खालच्या हाडापासून मांडीच्या मध्यापर्यंत. गुडघ्याला टुर्निकेटपासून थेट पायाच्या बोटांपर्यंत, सगळीकडून. पाय धरायला वेगळा माणूस लागतो आणि बोटांच्या बेचक्या कोणीतरी विसरतंच.

घाणेरडी जागा शेवटी. जांघ, गुदद्वाराजवळचा भाग, स्टोमा (पोटावर काढलेलं आतड्याचं तोंड), पू असलेली जखम, यांसाठी वेगळा गॉज, आणि तो तिथंच टाकायचा.

७. थांबा

पेंट झालं, सर गाऊन घालून उभे, सगळे तुमच्याकडे बघताहेत. इथंच नवीन माणूस हरतो.

आल्कोहोलवालं औषध केस नसलेल्या कातडीवर वाळायला किमान ३ मिनिटं लागतात. केसांत ते तासभरसुद्धा ओलं राहू शकतं. म्हणून डोक्यावर आणि दाट केसांत ते वापरण्याआधी सर्जनशी बोला. ओल्यावर ड्रेप टाकला की आल्कोहोलची वाफ खाली कोंडते. वर ऑक्सिजन सुरू आहे, आणि कॉटरीची एक ठिणगी पुरते. आल्कोहोलची ज्योत ओटीच्या दिव्यांखाली दिसतही नाही. ड्रेप तपकिरी पडायला लागला की कळतं. अशा आगी जगभर लागल्या आहेत आणि पेशंट भाजले आहेत. बीटाडीन पाण्यातलं असेल तर आगीची भीती नाही, पण वेळ त्यालाही द्यायचाच.

गॉजनं टिपून वाळवणं, हातानं वारा घालणं, बीटाडीन लावून दहाव्या सेकंदाला स्पिरिटनं पुसून काढणं, हे सगळं मी पाहिलंय. शेवटचं तर कित्येक ठिकाणी रोजचं आहे. लावलेलं औषध काम करायच्या आत आपणच पुसतो. सर्जनला बीटाडीन टिपून घ्यायचं असेल तर दोन-तीन मिनिटं झाल्यावर स्टराइल टॉवेलनं टिपावं.

बेंबी, जांघ, पोटाच्या घड्या, स्तनाखालची जागा, कुशी: ड्रेपच्या आधी इथं पाहा. तळं दिसलं तर टिपा. कुशीचे ओले टॉवेल काढायचे, विसरायचे नाहीत. औषधात भिजलेले गॉजही टेबलाजवळून लांब करायचे.

घाईतल्या सरांसमोर तीन मिनिटं कशी धरायची? गप्प उभं राहून ती धरता येत नाहीत. मोठ्यानं वेळ सांगा: "सर, पेंट पूर्ण नऊ बारा. ड्रेप नऊ पंधराला." एकदा आकडा उच्चारला की तो खोलीत सगळ्यांचा होतो. मग त्या तीन मिनिटांत गॉज आणि सुयांची मोजणी करा, सेफ्टी चेकलिस्ट वाचा, सक्शन जोडा. कामं नाहीतरी करायचीच असतात. एका सरांनी मला सुनावलं होतं, "सिस्टर, लिस्टवर अजून सहा आहेत." मी ड्रेप हातात धरूनच उभी राहिले. माझ्या पोटात गोळा आला होता, खोटं कशाला सांगू? पण त्या दिवशी लिस्ट लांबली ती एका पेशंटचं रक्त वेळेत आलं नाही म्हणून, पाऊण तास. माझ्या तीन मिनिटांची आठवण कोणालाच राहिली नाही.

८. जिथं नेहमीचे नियम चालत नाहीत

डोळा: मोतीबिंदूच्या आधी ५% पोव्हिडोन आयोडीनचे थेंब डोळ्यात, किमान ३ मिनिटं. क्लोरहेक्सिडीननं बुबुळाला इजा होते, चेहऱ्यावर पेंट करतानाही ते डोळ्याकडे ओघळू देऊ नका.

कान: पडद्याला भोक असेल किंवा तशी शंका असेल तर क्लोरहेक्सिडीन नाही. ऐकू येणं कायमचं जाऊ शकतं.

सिझेरियन: पोटाच्या पेंटिंगखेरीज, ऑपरेशनच्या अगदी आधी योनिमार्ग पोव्हिडोन आयोडीननं पुसून घ्यायची शिफारस आहे. इथं पाण्यातलं सोल्यूशन. आल्कोहोल नाही, स्क्रबही नाही.

नवजात बाळ: दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळाची कातडी कागदासारखी असते. आल्कोहोल-क्लोरहेक्सिडीननं ती भाजते, आणि आयोडीन शोषलं जाऊन थायरॉइडवर परिणाम होतो. इथं स्वतःच्या मनानं काहीही नाही. बाळाच्या डॉक्टरांना विचारून, कमीत कमी, आणि काम झाल्यावर सलाइननं पुसून.

उघडं फ्रॅक्चर: भोवतालच्या कातडीला पेंट, जखमेच्या आत नाही. जखम सलाइननं धुतात, आणि ते सर्जनचं काम.

९. ऑपरेशन संपल्यावर

ड्रेप निघाले की पेशंटला कुशीवर वळवून पाठ, नितंब आणि टुर्निकेटची जागा पाहा. मी आता हे न चुकता करते, आणि का ते तुम्हाला माहीत आहे. राहिलेलं बीटाडीन सलाइननं पुसा. क्लोरहेक्सिडीन बहुतेक सर्जन कातडीवर तसंच ठेवायला सांगतात, कारण त्याचा परिणाम टिकतो.

नोंदीत पाच गोष्टी लिहा: कोणतं औषध आणि किती टक्के, बॅच नंबर, कोणी लावलं, वाळायला किती वेळ दिला, आधी-नंतर कातडी कशी होती. साध्या ऑपरेशननंतर ३० दिवसांपर्यंत आणि इम्प्लांट असेल तर ९० दिवसांपर्यंत जखम चिघळली, तर ते ऑपरेशनचं इन्फेक्शन धरतात. तीन महिन्यांनी इन्फेक्शन कंट्रोलच्या सिस्टर रजिस्टर उघडतील तेव्हा 'पेंटिंग डन' या दोन शब्दांचा त्यांना काडीचा उपयोग नसतो.

राहता राहिली लाँड्री. आमच्याकडे बीटाडीन जाऊन क्लोरहेक्सिडीन आलं, त्यानंतर महिनाभर टॉवेलांवर तपकिरी डाग यायला लागले, जुन्या रक्तासारखे. आधी मावशींना बोल लागला, मग ऑटोक्लेव्हच्या मेकॅनिकला बोलावलं. शेवटी लक्षात आलं: क्लोरहेक्सिडीन लागलेला कपडा क्लोरीनच्या ब्लीचमध्ये टाकला की तो डाग पक्का बसतो. औषध बदलाल त्याच दिवशी लाँड्रीच्या मामांना सांगा की हे टॉवेल वेगळे ठेवा आणि क्लोरीनऐवजी पेरॉक्साइडवालं ब्लीच वापरा. आमचे बावीस टॉवेल गेले.